घोडा का अडला?

अकबर-बिरबलाच्या नावावर सांगितले जाणारे एक कोडे आपल्याकडच्या बहुतेक शिक्षकांना ठाऊक असते. भाकरी का करपली, पाने का सडली आणि घोडा का अडला, या तिन्ही प्रश्नांना मिळून एकच उत्तर द्यायचे : न फिरवल्यामुळे. भाकरी तव्यावर उलटली नाही, विड्याची पाने चाळली नाहीत आणि घोडा तबेल्यात नुसता बांधून ठेवला, त्याला रपेट दिली नाही. कोडे सुटले की वर्ग हसतो आणि आपण पुढच्या पाठाकडे वळतो. आम्हीही इतकी वर्षे तेच करत आलो होतो. गेल्या हिवाळ्यात मात्र हिंगोली जिल्ह्यातल्या एका शाळेत या कोड्यातला तिसरा प्रश्न खराखुरा समोर उभा राहिला, आणि बिरबलाचे उत्तर निम्मेच बरोबर आहे असे आमच्या लक्षात आले.

शाळा सेनगाव तालुक्यातली. प्राण्यांच्या वागण्याविषयी सहावी-सातवीच्या मुलांशी गप्पा झाल्या. शेवटी काही विचारायचे आहे का असे म्हटल्यावर मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. "सर, आमची घोडी बँडला भेत नाही, फटाक्याला भेत नाही. मग रिकाम्या रस्त्याला कामून भेती?"

वर्गात हशा पिकला. कुणीतरी म्हणाले, "अडेलतट्टू हाय ती!" पण मुलगा हसत नव्हता. शाळा सुटल्यावर त्याच्या सरांनी बाकीची हकीकत सांगितली. मुलाच्या वडिलांकडे एकच घोडी. लग्नसराईत वरातीला नेतात, त्यावर घर चालते. गावातल्या वरातीत घोडी शहाण्यासारखी चालते. पण पाच-सहा किलोमीटरवरच्या गावाची सुपारी आली की तिच्यावर बसून एकट्याने जावे लागते, आणि गावाबाहेरच्या ओढ्यापाशी ती थांबते. टाच मारली तर मागे सरते, चाबूक मारला तर गर्रकन वळते, नाहीतर मागच्या दोन पायांवर उभी राहते. दोनदा वडील पडले. दुसऱ्यांदा मागून ट्रॅक्टर येत होता, थोडक्यात वाचले. तेव्हापासून ते घोडी टेम्पोत घालून नेतात आणि सुपारीतले बरेचसे पैसे टेम्पोवालाच घेऊन जातो. एकाने सल्ला दिला की काटेरी लगाम घाला. दुसऱ्याने सांगितले, माळेगावच्या खंडोबाच्या जत्रेत नेऊन विकून टाका. मुलाच्या प्रश्नामागे हे सगळे होते. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही ओढ्यावर गेलो.

एकटे असणे म्हणजे काय

घोडा हा कळपात राहणारा आणि शिकारी प्राण्यांचे भक्ष्य असणारा प्राणी आहे. त्याला शिंगे नाहीत, नख्या नाहीत. पळणे हाच त्याचा मुख्य बचाव आणि कधी पळायचे हे ठरवण्यासाठी कळपातले अनेक डोळे-कान त्याच्या उपयोगी पडतात. एक चरतो तेव्हा दुसऱ्याची मान वर असते. एक निवांत आडवा पडतो तेव्हा दुसरा उभा असतो. माणसाने घोडा पाळायला लागून चार हजारांहून अधिक वर्षे झाली, पण हा हिशेब त्याच्या शरीरातून गेलेला नाही. कळपापासून एकट्याने दूर जाणे ही त्याच्या दृष्टीने धोक्याची गोष्ट आहे. तो दूर जात नाही तेव्हा आपण त्याला हट्टी म्हणतो. त्याच्या बाजूने पाहिले तर तो सावध आहे.

घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे त्याला सुमारे ३५० अंशांचा परिसर दिसतो. मागून येणारी हालचाल त्याला आपल्या कितीतरी आधी कळते. परंतु कपाळाच्या अगदी पुढचा थोडा भाग आणि शेपटीच्या थेट मागची पट्टी दिसत नाही. उजेडातून सावलीत गेल्यावर त्याच्या डोळ्यांना जुळवून घ्यायला आपल्यापेक्षा जास्त वेळ लागतो. ओढ्यावरच्या सिमेंटच्या पुलाखाली मोठे नळ होते, कडेला दोन बाभळी होत्या आणि सकाळच्या तिरप्या उन्हात त्यांच्या सावल्यांचे काळे पट्टे रस्त्यावर आडवे पडले होते. आपल्याला ती सावली दिसते. मान ताठ करून उभ्या असलेल्या घोडीला ती सावली आहे की खड्डा, हे लगेच कळेलच असे नाही.

मग बँडचे काय? मुलाच्या प्रश्नाचे उत्तर येथेच आहे. वरातीत घोडीच्या चहूबाजूंनी माणसे असतात. मुख्य म्हणजे मालक तिच्या तोंडाजवळ लगाम धरून पुढे चालत असतो, तिला दिसत असतो. वरात मुंगीच्या पावलाने सरकते आणि संपल्यावर घरी जायचे असते. आवाज तर तिने शेकडो वेळा ऐकला आहे आणि त्यातून काही वाईट झालेले नाही, म्हणून तिचे शरीर त्या आवाजाला सरावले आहे. एकट्याच्या रस्त्यावर यातले काहीच नसते. ओळखीचा माणूस पाठीवर, म्हणजे तिला नीटसा दिसत नाही अशा जागी जाऊन बसलेला असतो. पुढे कोणीच नाही. गोठ्यातली शेजारची म्हैस आणि शेळ्या मागे राहिलेल्या. गोंगाटात तिला सोबत आहे, शांततेत नाही. घाबरायचे कशाला याची आपली आणि तिची यादी वेगळी आहे.

हिंगोलीला हा प्रश्न नवा नसणार. निजामाच्या राज्यातल्या हैदराबाद कंटिंजंट या फौजेची छावणी १९०३ सालापर्यंत हिंगोलीत होती आणि तीत घोडदळ असे. ते शिलेदारी पद्धतीचे होते. स्वार आपला घोडा घेऊन चाकरीत येई, घोडा हेच त्याचे भांडवल. रांगेत शेजाऱ्याला खेटून दौडणारा घोडा निरोप घेऊन एकटा निघायचे म्हटले की रांग सोडायला तयार होत नाही, हा घोडदळांचा जुना अनुभव. म्हणून एकेका स्वाराने रांगेतून घोडा बाहेर काढून नेणे हा घोडदळाच्या कवायतीत स्वतंत्र पाठच असे.

उलट बाजूचे उदाहरण नरसी नामदेवच्या या जिल्ह्यात सांगायला हरकत नाही. आळंदीहून निघणाऱ्या माउलींच्या पालखी सोहळ्यात दोन अश्व असतात. अंकलीच्या शितोळे सरकारांकडून ते दरवर्षी पायी आळंदीला येतात. एकावर स्वार असतो, दुसरा माउलींचा, त्यावर कोणी बसत नाही. वारकऱ्यांच्या श्रद्धेचा भाग आपल्या जागी आहेच. घोड्यांच्या बाजूने पाहिले तर लाखोंच्या गर्दीत आणि टाळ-मृदंगाच्या गजरात ते दोघे रिंगणात धावतात, त्यात एकाला दुसऱ्याची सोबत असणे ही मोलाची गोष्ट आहे.

तिला कोणी शिकवले?

भीतीने घोडी पहिल्यांदा का थांबली हे यातून कळते. ती रोज का थांबते हे कळत नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि इथेच खरे घोडे पेंड खाते.

मुलाच्या वडिलांना, त्यांना आम्ही मामा म्हणू लागलो होतो, आम्ही विचारले की पहिल्यांदा काय झाले होते. त्यांना चांगले आठवत होते. पावसाळा संपता संपता बाभळीच्या काट्यांत खताची रिकामी गोणी अडकली होती. वाऱ्याने ती फडफडली, घोडी दचकून थांबली. मामांनी टाच मारली, मग चाबूक. घोडी मागे सरू लागली. पाच-दहा मिनिटे ओढाताण झाली. शेवटी, आज हिचे मन नाही, असे म्हणून मामा तिला वळवून घरी घेऊन आले. गोणी दोन दिवसांत कोणीतरी काढून नेली. घोडी मात्र अजून थांबते.

बी.एड.च्या पुस्तकात थॉर्नडाइकची मांजरे आपण सर्वांनी वाचलेली आहेत. १८९८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगांत मांजराला पेटीत कोंडले जाई. ते धडपड करी, धडपडीत कधीतरी कळ दाबली जाई आणि दार उघडे. पुन्हा पुन्हा कोंडल्यावर निरर्थक धडपड कमी होत जाई आणि कळ लवकर दाबली जाई. ज्या कृतीनंतर लगेच समाधान मिळते ती कृती पक्की होते, हा परिणामाचा नियम. परीक्षेत तो आपण लिहिला. ओढ्यावर तो कसा लागू पडतो ते पाहू.

घोडीच्या बरगड्यांवर टाच आहे, पाठीवर चाबूक आहे, तोंडात लोखंडी कडी ओढली जाते आहे, समोर फडफडणारे काहीतरी आहे. ही तिची पेटी. ती मागे सरते, काही सुटत नाही. बाजूला होते, काही सुटत नाही. मग ती वळते, आणि मामा थकून तिला वळू देतात. त्या क्षणी टाच थांबते, चाबूक थांबतो, गोणी मागे पडते आणि पावले घराकडे लागतात. दार उघडले! घोडी शिकली. तिने जे शिकावे असे मामांना वाटत होते ते नव्हे, तर ज्या कृतीला लागून सुटका झाली ते.

मानसशास्त्रात याला ऋण प्रबलन म्हणतात. ऋण म्हणजे वाईट नव्हे, वजा करणे. नकोसे काही वजा झाले की त्याआधीची कृती बळावते. घोड्याचे जवळजवळ सगळे शिक्षण याच तत्त्वावर चालते. पायाचा हलका दाब आला, घोडा पुढे सरकला, दाब गेला. लगाम ताणला, घोडा थांबला, लगाम सैल झाला. शिकवतो तो दाब नव्हे, दाब सुटण्याचा क्षण. हा क्षण चुकला की धडा चुकतो. घोडी एक पाऊल पुढे टाकते आणि आनंदाच्या भरात स्वार आणखी एक टाच मारतो, तेव्हा पुढे जाण्यात काही अर्थ नाही हे तो तिला शिकवत असतो. घोडी वळते आणि स्वार सैल पडतो, तेव्हा वळण्यात अर्थ आहे हे तो शिकवत असतो. दोन्ही वेळा शिकवण्याचा त्याचा काहीच इरादा नसतो.

आता कोड्याकडे पुन्हा पाहा. बिरबल म्हणतो, घोडा अडला कारण फिरवला नाही. ओढ्यावरची घोडी अडते कारण ती फिरवली!

यात आणखी एक गुंता आहे. मामा काही रोज हार मानत नसत. कधी चाबकाने घोडी पुढे जाई, कधी परत येई. आपल्याला वाटेल की निदान अर्ध्या वेळा तरी तिला धडा मिळाला. प्रत्यक्षात असे अधूनमधून मिळणारे बक्षीस सवय जास्त चिवट करते. लॉटरीचे तिकीट घेणारा माणूस रोज हरतो म्हणून थांबत नाही, कधीतरी लागते म्हणून थांबत नाही. शिवाय चाबकाचा मार त्याच जागी पडत गेला. गोणी गेली, पण ओढा म्हणजे मार हे समीकरण राहिले. आता भीती वाटण्याजोगे तिथे खरोखरच काहीतरी होते, आणि ते मामांनीच नेऊन ठेवले होते. मामांना हे सांगताना आम्ही जरा अडखळलो. ते मात्र शांतपणे म्हणाले, "म्हंजे मीच शिकविलं म्हणा की."

आधी तोंड, पाठ आणि खूर

उपायाकडे वळण्याआधी एक पायरी आहे आणि ती कधीही गाळू नये. पुढे न जाणारे जनावर दुखण्यामुळे जात नसेल, तर त्याला शिकवण्याचा प्रयत्न हा नुसता छळ होतो. घोड्याच्या दाढा आयुष्यातली बरीच वर्षे वर येत राहतात आणि एकमेकींवर घासून झिजतात. वरच्या दाढांच्या बाहेरच्या आणि खालच्या दाढांच्या आतल्या कडा धारदार होऊन गाल व जीभ कापू शकतात. लगामाने ते आणखी दुखते. खोगिराखाली पाठीला किंवा तंगाखाली कातडीला घसटून जखम झालेली असू शकते. नाल सैल होतो, खुरात खडा रुततो, डोळ्यात फूल पडते. घोड्याच्या जठरात आम्ल सतत पाझरत असते. दिवसाचा बराच वेळ चारा चघळायला न मिळता नुसते धान्याचे खाणे मिळाले तर पोटात व्रण होतात आणि तंग आवळला की जनावर त्रासते. अडण्याची खोड अचानक लागली असेल तर पहिला रस्ता पशुवैद्यकीय दवाखान्याचा.

काटेरी लगामाबद्दल मामांना आम्ही स्पष्ट सांगितले. ओझ्याच्या व ओढकामाच्या जनावरांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६५ च्या केंद्रीय नियमांनुसार अशा लगामाला बंदी आहे. कायदा बाजूला ठेवला तरी तो निरुपयोगी आहे. लगाम थांबवण्यासाठी असतो. न चालणाऱ्या घोडीला थांबवण्याचे जास्त कडक साधन देऊन ती चालेल कशी?

बिरबलाचे उत्तर निम्मे बरोबर आहे असे आम्ही म्हटले, ते इथे. लग्नसराई नसते तेव्हा घोडी महिनोन्‌महिने दावणीला उभी असते. अंगात साठलेला जोर, घट्ट झालेले स्नायू आणि बाहेरच्या जगाचा विसर पडलेला. अशी घोडी एकदम एका सकाळी पाच किलोमीटर एकटी जावी ही अपेक्षाच चुकीची आहे.

ओढा ओलांडायचा कसा

मामांच्या घोडीचे तोंड, पाठ आणि खूर डॉक्टरांनी पाहिले. एका दाढेची कड घासून घेतली. तंगाखाली जुना वळ होता, तो बरा होईपर्यंत तिच्यावर बसायचे नाही असे ठरले. हे एका परीने बरेच झाले, कारण सुरुवात जमिनीवरूनच करायची होती.

पहिले काही दिवस घोडीला मोहरकी आणि लांब दोर लावून पायी फिरायला न्यायचे. मामा तिच्या खांद्याशी चालणार, म्हणजे तिला दिसतील असे. ओढ्याकडे जायचे, पण ती जिथे थांबते त्या जागेच्या वीस पावले आधी आपणच थांबायचे. ती मान खाली घालून सैल उभी राहिली की मानेच्या शेवटी, आयाळ संपते तिथल्या उंचवट्यावर खाजवायचे. घोडे एकमेकांना दाताने नेमके तिथेच खाजवतात. फ्रान्समधल्या कामार्ग घोड्यांवर फे आणि दे माझिएर यांनी केलेल्या, १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात त्या जागी खाजवल्याने हृदयाचे ठोके मंदावतात असे दिसले. मानेवर थापट्या मारण्यापेक्षा हे केव्हाही बरे. मग, ती अजून निवांत असतानाच, आपण होऊन परतायचे. परत फिरणे वाईट नाही. तिने झटापट करून मिळवलेले परत फिरणे वाईट.

दुसऱ्या दिवशी पंधरा पावले आधी. मग दहा. घाई नाही. पंधरा-वीस मिनिटांच्या वर एका वेळी नको, पण खंडही नको. पुढच्या टप्प्यात सोबत द्यायची. दुसरा घोडा असेल तर उत्तम. मामांकडे नव्हता, पण घोडीला मुलाच्या चुलत्याच्या सायकलीची ओळख होती. सायकल पुढे, घोडी मागे, असा ओढा ओलांडून पलीकडे जायचे. पलीकडच्या लिंबाखाली तिला मूठभर भिजवलेले हरभरे आणि कडब्याची पेंढी ठेवायची, उलट घरी पोचल्याबरोबर खाणे द्यायचे नाही, तासाभराने द्यायचे. घराची ओढ कमी करायची आणि लांबच्या जागेला काही किंमत आणायची. मग सायकल शेजारी, मग मागे, मग शंभर पावले मागे, मग ओढ्यापर्यंतच. शक्य असेल तिथे त्याच रस्त्याने परत येऊ नये. एका वाटेने जाऊन दुसऱ्या पाणंदीने गावात शिरले की वळून माघारी फिरण्याचा प्रसंगच येत नाही.

हे सगळे जमिनीवरून साधल्यावर पाठीवर बसायचे, आणि पुन्हा पहिल्या पायरीपासून. हा भाग लोकांना पटत नाही. एकदा शिकली ना, मग पुन्हा कशाला? पण पाठीवर स्वार असलेला ओढा तिच्यासाठी वेगळा ओढा आहे. शून्यातून संख्या ओळखायला शिकलेले मूल वजाबाकीतल्या शून्याला अडते, तसेच काहीसे.

तरीही ती थांबलीच तर? तोंड पुढच्या दिशेला राहील एवढेच पाहायचे. चाबूक नाही, ओरडणे नाही. तिला पाहू द्यायचे, मान खाली करू द्यायची, कारण मान हलवूनच ती नीट पाहू शकते. कान पाहावेत. दोन्ही कान पुढे रोखलेले असतील तर तिचे सगळे लक्ष पुढच्या वस्तूत अडकले आहे, तेव्हा टाच मारून उपयोग नाही. एक कान मागे स्वाराकडे वळला की ती विचारते आहे असे समजावे. तेव्हा पायांचा हलका दाब, आणि एक पाऊल, अर्धे पाऊलसुद्धा, पुढे पडताच दाब पूर्ण सोडायचा. पुन्हा थांबली तर पुन्हा. ती मागे सरू लागली किंवा पुढचे पाय उचलू लागली, तर लगाम ओढू नये. ओढल्याने घोडी पाठीवर उलटण्याचा धोका असतो. लगाम सैल, अंग पुढे, आणि पाय टेकताच उतरावे. उतरून तिला हाताने चालवत पुढे न्यावे. उतरणे म्हणजे हरणे, असे जुने स्वार मानतात. आम्हाला ते पटत नाही. उतरून घराकडे निघाला तर हरलात. पुढे गेलात तर तिच्या दृष्टीने पुढेच गेलात. डोक्यावर हेल्मेट असावे, पहिले प्रयोग रहदारीच्या रस्त्यावर करू नयेत, आणि हे काम मोठ्या माणसाचे आहे, मुलांचे नव्हे. मुलांनी वहीत नोंदी कराव्यात.

पाठीवरचा माणूस

मामा दोनदा पडलेले. ओढा जवळ आला की त्यांच्या मांड्या आवळत, श्वास रोखला जाई, लगाम आखडला जाई. ते त्यांना कळत नसे. घोडीला कळत असे.

माणसाचे शरीर घोडा किती बारकाईने वाचतो याची सर्वांत गाजलेली हकीकत एका शिक्षकाच्याच घोड्याची आहे. बर्लिनमधले निवृत्त गणित शिक्षक फॉन ऑस्टेन यांचा हान्स नावाचा घोडा खूर आपटून बेरजा-वजाबाक्यांची उत्तरे देई. १९०४ साली त्याने विद्वानांनाही चकित केले. ऑस्कर फुंग्स्ट या संशोधकाने कसून तपासणी केली आणि १९०७ मध्ये निष्कर्ष छापला. प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसले तर हान्सला ते येत नसे. बरोबर आकडा आला की विचारणाऱ्याचे डोके नकळत किंचित वर होई, आणि घोडा तेवढ्यावर थांबे. गणित येत नव्हते हे खरे, पण फॉन ऑस्टेनना स्वतःला जे ठाऊक नव्हते ते त्याला येत होते.

स्वीडनमध्ये लिंडा कीलिंग आणि सहकाऱ्यांनी २००९ साली याहून साधा प्रयोग प्रसिद्ध केला. माणसांनी घोड्यांना एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी न्यायचे, काहींनी हाताने, काहींनी बसून. चौथ्या फेरीआधी त्यांना सांगितले, आता घोडा जवळून जाताना छत्री उघडली जाईल. छत्री उघडलीच नाही. तरी माणसांच्या हृदयाचे ठोके वाढले आणि घोड्यांचेही. घोड्यांना छत्रीबद्दल कोणी काही सांगितले नव्हते. मामांना हा प्रयोग फार आवडला. ओढ्याच्या आधीपासून ते अभंग गुणगुणू लागले, कारण गाणाऱ्याला श्वास रोखता येत नाही.

वर्गात करून पाहण्यासारखे

दाब सोडण्याच्या क्षणाचे महत्त्व मुलांना सांगून कळत नाही, करून कळते. एका मुलाला बाहेर पाठवा. बाकीच्यांनी एक सोपी कृती ठरवावी, उदाहरणार्थ खिडकीची कडी हाताने धरणे. मुलगा आत आला की सर्वांनी तोंड मिटून एकसुरी गुणगुणायचे, नकोसे वाटेल असे. तो योग्य दिशेने हलला की गुणगुणणे बंद, थांबला किंवा चुकला की पुन्हा सुरू. बहुतेक मुले काही मिनिटांत कडीपर्यंत पोचतात. आता दुसरे मूल घ्या, आणि या वेळी योग्य हालचालीनंतर मनात पाच आकडे मोजून मग गुणगुणणे थांबवा. मूल गोंधळते, भलत्याच गोष्टी करू लागते, कधी मध्येच उभे राहते. आमच्या वर्गात एक मुलगी भिंतीला पाठ लावून उभी राहिली आणि म्हणाली, "मला नाही खेळायचं." ती अडली होती. खेळ नंतर वर्गाला समजावून सांगा आणि ज्याला नको असेल त्याला बाहेर पाठवू नका.

घोडे आता कमी होत आहेत. २०१२ च्या पशुगणनेत देशात सव्वासहा लाख घोडे-तट्टे होती. २०१९ मध्ये ती सुमारे ३ लाख ४० हजार उरली. घोड्यांबरोबर त्यांना हाताळणारे हातही कमी होतात, आणि उरलेल्या एकुलत्या घोडीला गोठ्यात जोडीदार नसतो. एकटीला एकटे जायला शिकवणे म्हणूनच जास्त अवघड आहे.

मुलाच्या वहीची पाने सरांनी आमच्याकडे पाठवली आहेत. तारीख, वेळ, ऊन की ढग, सोबत कोण, आणि घोडी कुठल्या खांबापर्यंत गेली, असे रकाने त्याने स्वतः आखले आहेत. पहिल्या आठवड्यात सगळीकडे 'ओढ्याच्या अलीकडे' आहे. तिसऱ्या आठवड्यात सायकलीमागून ओढा पार. एका रविवारी पुन्हा अलीकडेच, शेरा : 'बाबा घाईत होते.' शेवटच्या पानावर मामा पाठीवर, सायकल नाही, आणि घोडी ओढ्यापलीकडच्या चौथ्या विजेच्या खांबापर्यंत. तिथे ती थांबली. पुढच्या रकान्यात मुलाने लिहिले आहे, 'तिथं काय आहे ते उद्या बघायचं.'